कौल ते ई-निविदा : खारेपाटातल्या सरकारी कामाची गोष्ट

वडखळहून अलिबागला निघालात, धरमतरचा पूल ओलांडला, की पोयनाडच्या आसपास सपाट भातखाचरं दिसू लागतात. हा खारेपाट. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी इथल्या शेतापेक्षा वर चढतं. पाणी आणि शेत यांच्या मधे असतो फक्त एक मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं, आणि नुकसान एका हंगामावर थांबत नाही. जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात.

त्यामुळे 'काम कुणाला मिळालं?' हा प्रश्न या किनाऱ्यावर नुसता चहाच्या टपरीवरचा विषय नाही. बांध कुणी बांधायचा, पैसे कुणी द्यायचे आणि तो फुटला तर कुणाला धरायचं, हे प्रश्न इथे शेकडो वर्षं चालत आले आहेत. आज जिल्हा परिषदेचं काम मिळवू पाहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला किंवा बचत गटातल्या ताईंना जे कागद गोळा करावे लागतात, त्यातल्या जवळपास प्रत्येक कागदामागे यातलंच एखादं जुनं भांडण आहे.

सुरुवात कौलापासून करू. आंग्रेकाळात आणि पेशवाईत पैसेवाला माणूस खाडीकाठची जमीन समुद्रापासून सोडवायला पुढे यायचा. सरकार त्याला कौल द्यायचं : बांध तू घाल, पहिली काही वर्षं सारा माफ, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत पूर्ण साऱ्यावर येईल. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. पेण-अलिबागच्या भागात अशा जमिनी शिलोत्री म्हणून ओळखल्या गेल्या. बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा मुख्य बांध, शिलोत्रदाराने राखायचा आणि त्या बदल्यात कुळांकडून बिघ्यामागे ठरलेलं धान्य घ्यायचं.

आजच्या भाषेत हे सरळसरळ कंत्राट होतं. काम, मोबदला, मुदत, देखभाल, सगळं त्यात होतं. एकच गोष्ट कच्ची होती. शिलोत्रदाराने धान्य घेतलं आणि बांधाकडे बघितलंच नाही, तर त्याला जाब विचारणार कोण? पुढच्या पिढ्यांत बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच झालं. शेवटी गावकरीच घरटी माणूस काढून बांधावर माती टाकू लागले. यालाच जोळ म्हणतात. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा आणला आणि बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे आली. आज निविदेत 'दोषदायित्व कालावधी' नावाचं एक कलम असतं. ठरलेल्या मुदतीत काम खराब झालं, तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते आणि त्याची अनामत तोवर अडकून राहते. वाचायला रुक्ष आहे, पण शिलोत्रदाराच्या करारात नेमकं हेच कलम नव्हतं.

दुसरी गोष्ट खोतीची. खोती मुळात वसुलीचा मक्ता. गावाचा सारा सरकारात भरायची हमी खोताची, आणि कुळांकडून वसूल करायचा अधिकारही त्याचाच. पण हा मक्ता पुन्हा लिलावाला आलाच नाही. तो बापाकडून मुलाकडे गेला आणि हळूहळू मालकीसारखा झाला. त्याची किंमत अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी मोजली. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! मधल्या काळात, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

कंत्राटाची मुदत संपली की ते पुन्हा सगळ्यांसाठी खुलं झालं पाहिजे, हा नियम आपल्याला आज कारकुनी वाटतो. चरीच्या लोकांना तो तसा वाटला नसता.

इंग्रजांनी खुला लिलाव आणला. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झालं, १८६९ मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा उपकर बसला आणि १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांना नवं रूप आलं. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही कामं त्यांच्याकडे. खाड्यांनी चिरलेल्या या जिल्ह्यात तर ही मोठी गोष्ट. सरकारी तरींसाठी १८६८ चा कायदा होता, आणि तरीच्या उताराचा मक्ता लिलावाने दिला जाई. सगळ्यात चढी बोली त्याची तर.

लिलाव खुला होता हे खरं. पण दवंडी कुणाच्या कानावर पडायची? अनामत कुणाच्या कनवटीला असायची? होडी वल्हवणारा कोळी बहुतेक वेळा मक्तेदार नसे, मक्तेदाराचा गडी असे. आबकारीतही तेच. १८७८ च्या कायद्यानंतर दारूविक्रीचे मक्ते मोठे झाले, आणि मोठा मक्ता म्हणजे मोठं भांडवल. दार उघडं असलं, तरी उंबरठा उंच होता.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, लोकल बोर्डं गेली. १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. उंबरठा कमी करायचे प्रयत्नही झाले. मजूर सहकारी संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत राखीव वाटा मिळाला आणि उरलेली कामं खुल्या निविदेला गेली. ही वाटणी काम वाटप समिती करते. हेतू स्वच्छ होता : ठेकेदाराकडे राबणाऱ्यानेच काम घ्यावं. पण बऱ्याच ठिकाणी संस्था मजुरांच्या नावाची आणि कारभार तिसऱ्याच माणसाचा, असं झालं. दुसरीकडे, डिप्लोमा करून गावी परतलेल्या कितीतरी मुलांनी पहिली मोरी, पहिली शाळेची भिंत याच वाट्यातून बांधली. दोन्ही खरं आहे.

आणि आता ई-निविदा. लखोटा टाकायला अलिबागला जायचं आणि पेटीपाशी कुणीतरी 'समजवायला' उभं असायचं, तो प्रकार ऑनलाइनमुळे बराच कमी झाला. महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावर खात्याच्या नावाने निविदा शोधायला लॉगिनही लागत नाही. आज रात्री मोबाईलवर रायगड जिल्हा परिषद शोधून बघा. रस्ते, शाळादुरुस्ती, नळपाणी योजना, काय काय चाललंय ते दिसेल. संगणक, बाकं, छपाई असा माल पुरवायचा असेल, तर केंद्राने २०१६ मध्ये सुरू केलेलं जेम हे पोर्टल आहे. थळचा आरसीएफ कारखाना आणि उरणचं जेएनपीए बंदर हे केंद्राच्या अखत्यारीतले ग्राहक आपल्याच किनाऱ्यावर आहेत. केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. उद्यम नोंदणी फुकट होते. ती नसेल, तर या वाट्यावर हक्क सांगता येत नाही.

भरायची वेळ आली की डिजिटल स्वाक्षरी लागते, बयाणा रक्कम लागते. बहुतेक निविदा दोन लिफाफ्यांच्या असतात, लिफाफे आता फक्त नावाचे. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, जीएसटी, उलाढाल, केलेल्या कामांचे दाखले. तो पास झाला तरच दराचा लिफाफा उघडतो. नवखी माणसं दरात हरण्याआधी बऱ्याचदा इथेच बाद होतात. एक दाखला जुना, एका पानावर सही नाही, शुद्धिपत्रक वाचलंच नाही. शुद्धिपत्रकात तारीख बदलते, अट बदलते, कधी कामाचं प्रमाणही बदलतं. निविदा उतरवून घेतली म्हणजे झालं असं नाही. मुदत संपेपर्यंत ती रोज उघडून बघायची.

दुसरी चूक दराची. काम मिळावं म्हणून अंदाजपत्रकाच्या फार खाली जायचं. इथे खाडीपलीकडे खडी न्यायचा खर्च आहे, चार महिने पावसाचे आहेत, बिल निघायला लागणारा वेळ आहे. हे न धरता भरलेला दर म्हणजे पुढे सिमेंट कमी पडणार याची आगाऊ सूचना. म्हणूनच फार खालच्या दराला जादा अनामत मागतात.

हरलात तर? तांत्रिक लिफाफ्यात का बाद झालात, ते लेखी मागा. काम दिल्यानंतर माहितीच्या अधिकारात निविदेची कागदपत्रं मागता येतात. दुसऱ्याचा दर कसा बसला हे एकदा नीट वाचलं, की पुढची निविदा सुधारते. आणि चार ठेकेदारांनी आपसांत ठरवून दर भरणं, ज्याला सगळे 'मॅनेज' म्हणतात, तो स्पर्धा कायद्याखाली गुन्हेगारी शहाणपणा नसला तरी दंडाचा विषय नक्की आहे.

आता जिल्ह्यातल्याच एका रस्त्याकडे बघा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. त्याच मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं होतं. दहा वर्षं उलटली तरी ते रखडलेलंच होतं, आणि गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने त्याचे खड्डे मोजले आहेत. जिल्हा तोच, पाऊस तोच, निविदेचे नियमही साधारण तेच. फरक होता तो देखरेखीत, मुदत पाळून घेण्यात आणि जमिनीपासून पैशापर्यंत सगळी तयारी आधी असण्यात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. अशा वेळी अल्पमुदतीच्या निविदा निघतात आणि नोंदणी, स्वाक्षरी, दाखले ज्यांच्याकडे आधीच तयार असतात त्यांनाच त्या भरता येतात. श्रीवर्धनचा पत्रेवाला किंवा मुरूडचा वायरमन तयार नसला, तर काम बाहेरचा घेतो आणि हा त्याच्याकडे रोजाने जातो. तरीच्या मक्त्यात कोळ्याचं जे झालं, तेच.

तेव्हा पोर्टलवर पहिल्यांदा शोधाल तेव्हा आपल्या तालुक्यातल्या खारबंधाऱ्याच्या दुरुस्तीचं एखादं काम निघालंय का तेही बघा. काम घ्यायचं नसलं तरी निविदा उघडा. लांबी किती, मुदत किती, दोषदायित्व किती वर्षांचं, एवढं वाचा. आणि ते काम चालू असेल तेव्हा एकदा बांधावर जाऊन या.