रक्तदाबाची नोंद

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडचा भाग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच १९४९ साली घडलेली दुसरी एक गोष्ट मात्र दोन्ही जिल्ह्यांत फारशी कोणी बोलत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील (आडनावाने वकील, धंद्याने डॉक्टर) यांचा सर्पगंधेवरील लेख इंग्लंडातील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला.

सर्पगंधा काही नवी नव्हती. वैद्यांच्या बटव्यात तिची मुळी पिढ्यान् पिढ्या होती. साप चावला, झोप येईना, माणूस भ्रमिष्ट झाला, की ती द्यायची. तिने रक्तदाब उतरतो असे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ सालीच लिहिले होते. बाहेरच्या जगाने कान दिला नाही. वकिलांनी वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रोगी घेतले, औषधापूर्वी आणि औषधानंतर त्यांचा दाब मोजला आणि आकडे मांडले. आता जगाला बघावे लागले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे याहून सोयीची औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. जास्त मात्रेने काही रोग्यांना उदासी येई, हेही सांगितले पाहिजे.

आम्ही शाळा फार शिकलो नाही, पण संघटनेच्या कामात एक धडा मिळाला. हजेरीपटावर नोंद नाही तो दिवस भरलाच नाही, असे मालक म्हणतो. सर्पगंधेचे दिवस असेच बिनहजेरीचे गेले होते.

रक्तदाबाचा रोगी सांभाळणे हे मुख्यतः नोंदीचेच काम आहे, कारण हा रोग बहुधा दुखत नाही. बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला जास्त जोराने रक्त ढकलावे लागते, त्याचा स्नायू जाड होतो आणि शेवटी थकतो. माणूस तोवर पाळी भरतच असतो. गोळीने दाब उतरला की त्याला वाटते, आपण बरे झालो.

आमच्यातल्या एका फिटरला असेच वाटले. त्याने गोळ्या सोडल्या. चार महिन्यांनी रात्रपाळीत त्याची डावी बाजू लुळी पडली. कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन आम्ही विचारले, याचा दाब शेवटचा केव्हा मोजला? वही उघडली. त्याच्या नावापुढे काही नव्हते. आम्ही तावातावाने बोललो खरे, पण घरी येऊन आमची जुनी मागणीपत्रे काढली. पगार होता, बोनस होता, साबण आणि गणवेशसुद्धा होता. दाब मोजण्याचा विषय एकातही नव्हता.

पुढच्या मागणीपत्रात तो सहाव्या कलमात घातला: दाब मोजण्याचे यंत्र आणि माणशी एक कार्ड. यंत्र लगेच आले. कार्डे अजून निम्मीच भरली जातात. त्यासाठी दर महिन्याला पाळी सुटताना आम्ही दवाखान्याच्या दाराशी उभे राहतो.