भाकरीच्या अंतरावरचा एकांत

देहूच्या परिसरात तीन डोंगर आहेत. इंदोरी-सुदुंबऱ्याजवळचा भंडारा, चाकणच्या अंगाचा भामचंद्र आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचा घोरावडेश्वर. तुकोबारायांच्या एकांताची ही ठिकाणे वारकऱ्याला सांगावी लागत नाहीत. मात्र या तिन्ही डोंगरांत आणखी एक सारखेपणा आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तुकोबांच्या आधी कित्येक शतके कुणीतरी तिथला कातळ कोरून बसायला जागा करून ठेवली होती.

घोरावडेश्वराची लेणी अभ्यासक शेलारवाडीची लेणी म्हणून ओळखतात. ती मुळात बौद्ध भिक्षूंची. आज मुख्य लेण्यात महादेवाची पिंड आहे आणि शिवरात्रीला तिथे मोठी गर्दी होते. अशा लेण्यांमधली भिक्षूची खोली पाहण्यासारखी असते. एक माणूस मांडी घालून बसेल आणि रात्री आडवा होईल, एवढीच तिची लांबी-रुंदी. दार ठेंगणे, बऱ्याच खोल्यांत झोपायला दगडाचाच ओटा. पुढे ओसरीसारखी पडवी, आणि जवळच कातळात खोदलेले पाण्याचे टाके. त्याला जुन्या लेखांत ‘पोढी’ म्हणतात. डोंगरावर पडणारा पाऊस कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. काळ्या पाषाणाची जाड भिंत वैशाखातही आत गारवा राखते. ना लाकूड, ना कौल, ना दरवर्षीची शाकारणी. म्हणून दोन हजार वर्षे होत आली तरी ती खोली उभीच आहे.

शेलारवाडीला एक शिलालेख आहे. धेनुकाकट गावी राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या बायकोने, मुलगा नंद याच्यासह, हे लेणे दान दिल्याचे त्यात कोरले आहे. कुटुंबिक म्हणजे घरसंसार असलेला शेतकरी. आपला ‘कुणबी’ शब्द त्यातूनच आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. राजाने किंवा सावकारानेच दान द्यावे असे काही नव्हते. नांगर धरणाऱ्याच्या घरातल्या बाईने कुणा अनोळखी साधकाला बसायला जागा करून दिली. हा लेख वाचताना मला दरवेळी आवलीबाईंची आठवण होते. त्याही कुणब्याच्याच घरच्या.

1630 च्या दुष्काळाने तुकोबांचे घर आणि दुकान दोन्ही मोडले. त्यानंतर ते भामचंद्रावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत आले आणि पुढे दोघांनी कर्जखतांची वाटणी केली. तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, हे परंपरा सांगते. भंडाऱ्याची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. आवलीबाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढत. एकदा पायात काटा रुतला आणि तो काढायला पांडुरंग आला.

या कथेतला चमत्कार आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मला त्यातली रोजची भाकरी महत्त्वाची वाटते. तुकोबांचा एकांत घरापासून किती दूर होता? भाकरी शिळी व्हायच्या आत पोचेल इतका. सकाळी डोंगर आणि संध्याकाळी देऊळवाड्यातले कीर्तन, असा त्यांचा क्रम. भिक्षूंचे मापही हेच होते. गावात भिक्षेला जाऊन वेळेत परत यायचे, म्हणून लेणी वस्तीपासून आणि व्यापाराच्या वाटेपासून फार लांब नसत. गोंगाट ऐकू येणार नाही एवढीच ती वर असत. हिमालयात जाण्याचा एकांत निराळा. हा एकांत प्रपंचाला धरून असतो आणि रोज जाता येतो.

तुकोबांनी तिथे काही बांधले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. घरचे मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. ते चारचौघांचे, कीर्तनाचे. स्वतःला बसायला मात्र आधीपासून असलेली कपार पुरली.

पुढे या डोंगरांच्या पायथ्याला शहर आले. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना निघाला, मागोमाग औद्योगिक वसाहत झाली, 1982 मध्ये महानगरपालिका आली, मग चाकण आणि तळेगावही कारखान्यांनी भरले. 2008 साली भामचंद्राजवळ शिंदे-वासुलीला एका परदेशी रसायन कंपनीचे संशोधन केंद्र होणार होते, तेव्हा बंडातात्या कराडकरांच्या पुढाकाराने वारकरी रस्त्यावर उतरले. ते केंद्र तिथे झाले नाही. डोंगर वाचवायला आपण एकवटलो, हे खरे. पण डोंगरावरची शांतता घालवायला कारखानाच लागतो असे नाही. माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर हजारोंचा मेळा भरतो, तो भरायलाच हवा. आता तिथे भव्य दगडी मंदिर उभे राहते आहे. त्याचा आनंद आहेच. तरी इतर दिवशी एकट्याने बसायची कपार कर्ण्याच्या आवाजाबाहेर राहील ना, हे विश्वस्तांइतकेच आपणही विचारायला हवे.

ज्यांना डोंगरही लांब पडतो, त्यांनी पुण्यातले पाताळेश्वर पाहावे. आठव्या शतकातले हे शैव लेणे आज जंगली महाराज रस्त्याला अगदी खेटून आहे. पण ते रस्त्याच्या पातळीखाली कोरलेले. चार पायऱ्या उतरल्या की वाहनांचा आवाज डोक्यावरून निघून जातो, गोल नंदीमंडपाची सावली मिळते. शेजारीच जंगली महाराजांची समाधी. लेण्याचे काम अर्धवटच राहिलेले आहे, पण बसणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही.

आज आपले अनेक वारकरी बंधू-भगिनी पिंपरी-चिंचवडच्या दहा-बारा मजली इमारतींत राहतात. तिथे वाहनतळ असतो, व्यायामशाळा असते, सभागृह असते. आठ फूट बाय आठ फुटांची एक खोली मागितली तर कुणाला जड जाऊ नये. तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, जाड भिंतीची, ठेंगण्या दाराची. गच्चीवरचे पावसाचे पाणी बाहेर एका टाकीत साठवावे आणि त्या पाण्यावर एक तुळस, एक कडुनिंब जगवावा. वीज लागूच नये असा झरोका ठेवावा. घरी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जाऊन जप करून परत येता यावे, इतकी ती जवळ असावी. सोसायटीच्या सभेत ठराव मांडताना मात्र, तिथे ध्वनिक्षेपक आणायचा नाही, हे कलम सर्वांत आधी लिहून घ्यावे.