अनवाणी

‘अनवाणी पायांनी’ असं मी कित्येक वर्षं लिहीत आलो. परवा आजीच्या तोंडचा ‘वहाण’ हा शब्द आठवला आणि थबकलो. अनवाणीच्या पोटात वहाणच आहे!

संस्कृतात पादत्राणाला ‘उपानह्’ म्हणतात. ‘नह्’ म्हणजे बांधणं. पायाशी बांधतात ती उपानह्. पालीत तिची ‘उपाहना’ झाली आणि प्राकृतातून झिजत मराठीत ‘वहाण’. ती नसल्यानं ज्याचे पाय उघडे, तो अन्-उपानह्, म्हणजे अनवाणी. लढाईला ‘सन्नद्ध’ झालेला वीरही याच ‘नह्’च्या कुळातला, चिलखत बांधून उभा.

हे बांधणं मला कोल्हापुरीत अजून जिवंत दिसतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, तळ, कान, पट्टा सगळं चामड्याच्याच वादीनं शिवलेलं. अस्सल जोडात खिळा नाही. २०१९ साली तिला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला फार आनंद झाला.

रोजच्या बोलण्यातून ‘चपले’नं वहाणेला हटवलं, ती म्हणींपुरती उरली. अनवाणी मात्र टिकला. नवरात्रात कुणी नेमानं अनवाणी राहतं, वारीत कुणी अनवाणी चालतं. ‘अनवाणी’पुढे ‘पायांनी’ लिहिणं मी आता सोडलं आहे.