स्वरभेदाचे निदान आणि कंठातील आरसा

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाची कारणे देताना अतिउच्च भाषण, मोठ्याने केलेले अध्ययन आणि आघात यांचा उल्लेख आला आहे. त्याच प्रकरणात चिरकाल टिकलेला स्वरभेद असाध्य कोटीत घातला आहे. अल्पकालिक आणि दीर्घकालिक विकार वेगळे पाहण्याची ही दृष्टी लक्षणीय होय. मात्र तिचा आधार कानाने ऐकलेला आवाज आणि आजाराचा काळ एवढाच होता.

कानाची ही मर्यादा मोठी आहे. पडशानंतरच्या स्वरयंत्रदाहात स्वररज्जू सुजून जड होतात, त्यांचे कंपन अनियमित होते व आवाज बसतो; बहुधा एक-दोन आठवड्यांत तो मोकळा होतो. तीन आठवड्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या दाहात रज्जूंवरील त्वचा जाड होते, कडा नीट जुळत नाहीत आणि हवा निसटते. अर्बुदानेही नेमके हेच घडते. ऐकणाऱ्याला तिन्ही ठिकाणी घोगरेपणाच जाणवतो.

हा भेद डोळ्याला दिसू लागला तो एका गायनशिक्षकामुळे. मानुएल गार्सियाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून, हातातील दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत टाकून स्वतःचे स्वररज्जू पाहिले व १८५५ मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यानंतर ट्युर्क आणि चेर्माक यांनी हे साधन वैद्यांच्या हाती दिले.

परंतु दिसले म्हणजे कळले, असे नव्हे. जानेवारी १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. प्रथम तो पडशाचाच परिणाम वाटला. मार्चमध्ये गेरहार्टला डाव्या रज्जूवर गाठ दिसली. ती जाळूनही पुनः वाढली, तेव्हा बेर्गमान प्रभृतींनी स्वरयंत्र बाहेरून छेदण्याचे ठरविले. मे महिन्यात लंडनहून आलेल्या मॉरेल मॅकेन्झीने आधी तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. हा आग्रह शास्त्रशुद्धच होता. त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याने काढलेल्या तुकड्यांत फिर्खोला कर्करोग आढळला नाही. दीर्घ दाहाने येते तशी त्वचेची जाडी मात्र आढळली. फिर्खोचे मत हाती आलेल्या तुकड्यापुरतेच होते. चिमट्याच्या टोकाला जे लागले ते संपूर्ण गाठीचे प्रतिनिधी मानले गेले, ही खरी चूक. आणि वारंवार पाहणाऱ्या मॅकेन्झीकडे तिचा मोठा वाटा जातो.

नोव्हेंबरमध्ये सान रेमो येथे कर्करोग निश्चित झाला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासनलिकेला छेद द्यावा लागला. ९ मार्चला फ्रेडरिक सम्राट झाला, तेव्हा त्याला आवाज उरला नव्हता. १५ जूनला मृत्यू येईपर्यंत, ९९ दिवसांच्या कारकिर्दीत, तो आपले म्हणणे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून सांगत असे.