काल्याविना सप्ताह

हल्ली संध्याकाळी कुठल्याही घरात एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘या मालिकेत आता काही राम राहिला नाही.’ गंमत अशी, की हे बोलणारं माणूस त्या वेळी तीच मालिका बघत असतं आणि दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला तिथंच बसलेलं दिसतं. गोष्ट बिघडलीय हे कळतं, पण उठवत नाही. मग उठावं तरी कधी? प्रश्न किरकोळ वाटतो खरा. पण त्याच्यामागे गोष्ट सांगण्याचा आणि ऐकण्याचा मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या जिल्ह्यातच सापडतो.

आता अहिल्यानगर झालेल्या आपल्या जिल्ह्यात सप्ताह कुणी पाहिला नाही असं होणार नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला तर लाखाच्या पंगती बसतात. सात दिवस पहाऱ्याला पहारा लागतो, वीणा खाली ठेवत नाहीत, रोज कीर्तन होतं. पण मंडप उभारतानाच प्रत्येकाला ठाऊक असतं, की शेवटी काल्याचं कीर्तन आहे. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला, की माणसं आपापल्या गावी जातात. ‘अजून चार दिवस ताणू या, गर्दी चांगली जमलीय’ असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे रमजानच्या तरावीहमध्ये कुराण पुरं होतं, त्या रात्री मशिदीत मिठाई वाटतात. तिथंही शेवट आधीच ठरलेला असतो.

लांबी हा दोष नव्हे, हे सांगायला नेवाशाइतकं योग्य ठिकाण नाही. गीतेचे श्लोक सातशे. त्यांच्यावर ज्ञानेश्वरांनी नेवाशात सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. म्हणजे एका श्लोकाला सरासरी बारा-तेरा ओव्या झाल्या. तरी गेल्या सातशे वर्षांत ‘पाणी घातलं’ असं कुणी म्हटलं नाही. कारण अध्याय अठरा होते आणि अठराव्यानंतर थांबायचं होतं. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ग्रंथ पुरा झाला. शेवटी त्यांनी पसायदान मागितलं आणि ते थांबले. आपल्याच श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ही अठरा प्रसंगांचा आहे. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान कवीला ते घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे वाटतात. त्यांच्याकडून शिकण्यासारख्या गोष्टींत वेळेवर थांबणं ही एक आहे.

याच्या अगदी उलट रीत उर्दूतल्या दास्तानीची. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापायला घेतली, तिचे 46 खंड झाले. दास्तानगो गोष्ट पुढे नेत असे, तशी ती अडवूनही धरत असे. नायक दाराशी पोचलाय, पडदा सारायचा तेवढा बाकी आहे, अशा जागी कथा दिवसचे दिवस रोखून धरणं हीसुद्धा कला मानली जाई. पण ऐकणारे समोर बसलेले असत. कंटाळले, की उठून जात. दास्तानगोला ती रिकामी सतरंजी दिसे आणि तो वेळीच पडदा सारी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोजच्या मालिकेचं मूळ मात्र दास्तानीत नाही. ते आहे रेडिओत, आणि हे रेडिओवरूनच सांगायला मिळतंय याची मला मौज वाटते. अमेरिकेत 1930 च्या दशकात दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर कौटुंबिक कथा लागत. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलत, म्हणून त्यांना नावच ‘सोप ऑपेरा’ पडलं. त्यातली ‘गायडिंग लाइट’ ही मालिका जानेवारी 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 साली टीव्हीवर गेली आणि संपली ती सप्टेंबर 2009 मध्ये. बहात्तर वर्षं! इथं प्रथमच अशी गोष्ट जन्माला आली, की जिचा शेवट सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. साबण खपतोय तोवर गोष्ट चालायची.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढे त्याच सत्तरच्या दशकात चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले आणि दिलीप प्रभावळकर, बाळ कर्वे घराघरांत पोचले. देशभर गाजलेली पहिली मोठी मालिका मात्र ‘हम लोग’. ती 7 जुलै 1984 रोजी सुरू झाली. तिची कल्पना आली मेक्सिकोहून. तिकडे मिगेल सबिदो यांनी मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका काढल्या होत्या. तिकडच्या मालिकांचा रिवाज असा, की काही महिन्यांत गोष्ट संपते. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ही दीडशेहून थोड्या अधिक भागांनंतर डिसेंबर 1985 मध्ये संपली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत. जणू रोजचा छोटा कालाच.

त्या काळात दूरदर्शनचं सगळं गणित तेराच्या पाढ्यावर चाले. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. मालिकेला मंजुरी मिळायची ती तेरा, सव्वीस, बावन्न भागांची. या सरकारी पद्धतीला नावं ठेवणारे खूप होते. पण तिचा एक फायदा झाला. लेखकाला शेवट कुठं येतो ते माहीत असे. रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’ला आधी बावन्न भागांची मंजुरी होती, ते वाढत अठ्ठ्याहत्तर झाले. तेरा सक अठ्ठ्याहत्तर! 25 जानेवारी 1987 ला सुरू झालेली ती मालिका 31 जुलै 1988 ला रामाच्या राज्याभिषेकानं संपली. पण लोकांचं समाधान झालं नाही. लव-कुशाची कथाही दाखवा, म्हणून पंजाबात जालंधरला सफाई कामगारांनी संप केला. पुढे ‘उत्तर रामायण’ आलं. त्याच सुमारास, ऑक्टोबर 1988 पासून, ‘महाभारत’ सुरू झालं. त्याची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांचे होते. काळालाच सूत्रधार करण्याची त्यांची कल्पना आजही लोकांच्या ध्यानात आहे. चौऱ्याण्णव भागांनंतर जून 1990 मध्ये ते संपलं.

जालंधरचा संप मी मुद्दाम सांगितला. शेवट नको असतो तो नेहमी वाहिनीलाच, असं नाही. पाहणाऱ्यालाही तो नको असतो. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1893 साली शेरलॉक होम्सला दरीत लोटून मारलं, तेव्हा वाचक इतके संतापले, की दहा वर्षांनी लेखकाला त्याला परत जिवंत करावं लागलं. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर 2001 साली मेला, तेव्हा लोकांच्या आग्रहामुळे तोही परत आला.

केबल आणि उपग्रह वाहिन्या आल्या आणि तेराचा पाढा मोडला. सह्याद्री वाहिनीवरच्या ‘दामिनी’नं मराठीला रोजच्या मालिकेची सवय लावली. 1999 मध्ये अल्फा मराठी आली, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आली. ईटीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ नोव्हेंबर 2001 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2013 मध्ये संपली. नावात चार दिवस, पण अकरा वर्षं आणि तीन हजारांहून अधिक भाग! रोजचा अर्धा तास धरला तर हे पंधराशे तास होतात. आठ तासांची नोकरी धरली तर जवळजवळ सात महिन्यांचे कामाचे दिवस. हे मी हिणवण्यासाठी सांगत नाही. एवढी वर्षं लोकांना धरून ठेवणं सोपं नाही. शिवाय एका मालिकेवर लेखक आणि नटांबरोबर रंगभूषा करणारे, दिवे लावणारे, चहा देणारे अशा किती घरांच्या चुली पेटतात! ती लांबवण्यात नुसता लोभ असतो असं म्हणणं अन्यायाचं होईल.

पण आता शेवट ठरवतो तो टीआरपीचा आकडा. 2015 पासून हे मोजमाप ‘बार्क’ ही संस्था करते. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर, आणि मोजणारं यंत्र बसवलेली घरं पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण चार हजार घरांतून एक. तुमच्या घरी ते यंत्र नसण्याचीच शक्यता जास्त. दास्तानगोला रिकामी सतरंजी दिसत होती. तुम्ही खुर्चीवरून उठलात तर इथं कुणाला दिसतही नाही. म्हणून ‘आम्ही बघतो म्हणून ते दाखवतात’ हे पूर्ण खरं नाही, आणि ‘आम्ही सोडली की बंद पडेल’ हेही खरं नाही. मालिका सोडणं हा वाहिनीला शिकवलेला धडा नसतो. तो निर्णय फक्त आपल्या संध्याकाळीपुरता असतो. पण संध्याकाळ आपलीच असते, म्हणून त्याला किंमत आहे.

मग ती वेळ ओळखावी कशी? अमेरिकेत ‘हॅपी डेज’ नावाच्या मालिकेत सप्टेंबर 1977 मध्ये नायक पाण्यावरून घसरत जाऊन शार्क माशावरून उडी मारतो, असा प्रसंग होता. गोष्टीतलं सुचायचं संपलं आणि कसरती सुरू झाल्या, याची ती खूण ठरली. तिकडे आजही घसरलेल्या मालिकेला ‘शार्कवरून उडी मारली’ असं म्हणतात. पण त्या उडीनंतरही ‘हॅपी डेज’ 1984 पर्यंत, म्हणजे आणखी सात वर्षं चालली!

आपल्या मालिकांतली शार्कची उडी वेगळी असते. घरातली दोन माणसं एकमेकांशी एक सरळ वाक्य बोलली तर गोष्ट संपेल, आणि ती बोलत नाहीत म्हणूनच ती चालू आहे, अशी अवस्था आली की समजावं. मेलेलं माणूस दुसऱ्यांदा परत आलं, की समजावं. पंधरा दिवस परगावी जाऊन आलात आणि काहीच चुकलं नाही, तर नक्कीच समजावं. ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न मनात उरला नसेल, तर आपण गोष्ट बघत नसतो, नुसती वेळ पाळत असतो.

तरीही उठणं सोपं नसतं. आमच्या एका खालांचं उदाहरण सांगतो. त्यांचे यजमान गेले, मुलं पुण्याला गेली. संध्याकाळी मालिकेतली माणसं हीच त्यांची सोबत. एके काळी शेजारच्या काकू आणि त्या दिवेलागणीला ओट्यावर बसत, लसूण सोलता सोलता गावभरच्या गप्पा मारत. आठची मालिका सुरू झाली आणि दोघी आपापल्या घरात बसू लागल्या. एकच मालिका, एकच वेळ, मध्ये एक भिंत. असं सहा-सात वर्षं चाललं. एके दिवशी त्या मालिकेत मेलेली सून दुसऱ्या चेहऱ्यानं परत आली. खालांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, “मरे सो मरने देव, बाबा! हमारी कहानी तो उसकी शादी हुई वहींच खतम.” दुसऱ्या दिवशी त्या सूप घेऊन ओट्यावर आल्या. काकूंना यायला मात्र आठवडा लागला. त्यांची मालिका अजून संपायची होती!

खालांनी केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी मालिका अर्धवट टाकली नाही, तिचा काला केला. गोष्ट जिथं चांगली होती तिथं तिचा शेवट मानला आणि रागही धरला नाही. लेखकानं शेवट केला नाही तर ऐकणाऱ्यानं करावा, एवढा हक्क त्याला आहेच.

शेवट असलेल्या गोष्टीला माणूस कंटाळत नाही, हे 2020 च्या टाळेबंदीत दिसलं. दूरदर्शननं 28 मार्चपासून जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं आणि 16 एप्रिलला ते 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिल्याचं जाहीर केलं. शेवट ठाऊक नसलेला त्यात कोण होता? त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका संपली. तिच्या अखेरच्या भागांतला बहादूरगड म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातलं आपलं पेडगाव. 1689 मध्ये तिथं काय घडलं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, तरी माणसं डोळे पुसत शेवटपर्यंत बसली. शेवटाकडे चाललेल्या गोष्टीसाठी बसावं. तिथं गेलेला वेळ वाया जात नाही.

आणि बाकीच्यांचं काय? पसायदान झाल्यावर ‘पुढे काय’ असं कुणी विचारत नाही. माणसं नमस्कार करून उठतात, चपला शोधतात, शेजाऱ्याशी बोलत घरी जातात. तुमच्या मालिकेचं पसायदान कुणी म्हणणार नसेल, तर एखादा बरा भाग बघून ते तुम्हीच म्हणा. आणि शेजारी अजून बघत असतील तर थोडी वाट पाहा. ओटा तेवढा झाडून ठेवा.