राजाची आवड आणि ॲनचें रूप

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची चवथी राणी, क्लीव्ह्जची ॲन, कुरूप होती असें आपण विद्यार्थिदशेंत वाचलेलें असतें. मीहि तें वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. पण ज्याच्या साक्षीवर हें मत उभें आहे तोच फिर्यादी होता व न्यायाधीशहि तोच, हें ध्यानीं येण्यास मला बराच काळ लागला.

इ. स. १५३९ मध्यें हेन्रीनें हान्स होल्बाइन या चित्रकारास जर्मनींत पाठवून ॲनचें चित्र काढविलें. तें आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. शांत मुद्रा, खालीं झुकलेल्या पापण्या, अंगावर वस्त्राभरणांचा भार. अप्सरा नव्हे, पण विरूप तर खास नव्हे. चित्र हुबेहूब उतरल्याचें तेथील इंग्रज वकील वॉटन यानें कळविलें होतें. ॲनला शिवणकाम उत्तम येतें, पण गाणेंवाजविणें येत नाहीं, कारण तिकडे थोर कुळांतील स्त्रियांस तें शोभत नाहीं असें मानतात, हेंहि त्यानेंच लिहिलें होतें. हेन्री तर संगीताचा शोकी, स्वतः पदें रचणारा!

१ जानेवारी १५४० रोजीं रॉचेस्टर येथें राजा वेष पालटून तिच्या दालनांत शिरला. वेषांतर केलेल्या प्रियकरास प्रियेनें आपोआप ओळखावें, असा तत्कालीन दरबारी शृंगाराचा संकेत. ॲन खिडकींतून बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ पाहत होती. ४८ वर्षांचा, स्थूल, पायाच्या जखमेनें गांजलेला हा अनोळखी गृहस्थ लगट करूं लागला, तेव्हां तिनें त्याची फारशी दखल न घेतां पुन्हां खिडकीकडे तोंड फिरविलें. ती आपणांस आवडली नाहीं असें राजा म्हणाला तें त्यानंतर. त्याच्या दुखावलेल्या अभिमानाचा या अभिप्रायांत मोठा वांटा असावा, असें मला वाटतें.

आपल्याकडेहि मुलगी पाहून नापसंती कळवितांना ‘मुलगी सांवळी आहे’ असें लिहितात; ‘आम्हांस सांवळा रंग आवडत नाहीं’ असें कोणी लिहीत नाहीं. हेन्रीच्या बाबतींत इतिहासकारांनीं तेंच केलें. फ्रेंच वकील मारियाक याला ॲन मध्यम रूपाची, पण निश्चयी मुद्रेची वाटली होती. तिला ‘फ्लँडर्सची घोडी’ म्हटल्याची कथा तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बिशप बर्नेटच्या ग्रंथांत आली, हेन्रीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं.

६ जानेवारीस झालेला विवाह ९ जुलैस रद्द ठरला. तो जुळविणारा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याचा २८ जुलैस शिरच्छेद झाला. त्याला शत्रू पुष्कळ होते व धर्माचे तंटेहि होते; तथापि या लग्नानें त्यांच्या हातीं शस्त्र दिलें. त्याच दिवशीं हेन्रीनें तरुण कॅथरिन हॉवर्डशीं लग्न लाविलें. होल्बाइनला मात्र कांहींच शिक्षा झाली नाहीं. चित्र खोटें असतें तर असला राजा त्याला सोडता काय?

ॲननें घटस्फोट निमूटपणें मान्य केला. राजानें तिला भगिनी म्हणून गौरविलें, वाडे व जमिनी दिल्या. १५४१ च्या नववर्षीं ती हॅम्प्टन कोर्टास आली, तेव्हां राजा तिच्याशीं प्रसन्नपणें बोलला आणि नवी राणी तिच्यासह नाचली. मधल्या वर्षांत तिचा चेहरा कांहीं बदलला नव्हता. हेन्रीमागें दहा वर्षें जगून ती १५५७ मध्यें वारली. वेस्टमिन्स्टर ॲबींत तिचें थडगें आहे.