नांगरलेल्या नौकेचा दिवा

आमच्या वऱ्हाडात नांगर या शब्दाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. काळी जमीन उलथून ती पेरणीस योग्य करणारे जे अवजार, तो नांगर. परंतु वसई, उत्तन, अर्नाळा येथील आपल्या कोळी धर्मबंधूंच्या घरी हाच शब्द उच्चारला, तर त्यांच्या डोळ्यांपुढे निराळी वस्तू उभी राहते. लोखंडी आकड्यांचे, दोरास बांधलेले, समुद्रतळाच्या चिखलात रुतून नौकेस जागच्या जागी धरून ठेवणारे ते जड साधन होय. एक नांगर जमीन हलवितो, दुसरा नौकेस हलू देत नाही. आणि मराठी भाषेने दोघांस एकच नाव दिले आहे.

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही या दुसऱ्या नांगराचा विषय निवडला, याचे कित्येकांस नवल वाटेल. वाशीमपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर. आमच्या पैनगंगेत वा अडाणच्या जलाशयात गलबते येत नाहीत. तथापि नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेने रात्री दिवा व दिवसा खूण दाखविली पाहिजे, हा जो जगन्मान्य नियम आहे, त्याच्या इतिहासात आम्हां जमिनीवरील माणसांच्याही उपयोगाची एक गोष्ट दडलेली आहे. ती आम्हांस पुस्तकात प्रथम सापडली नाही. एका वृद्ध तांडेलाच्या तोंडून ऐकावयास मिळाली.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या घरी लग्नानिमित्त आम्ही वसईस गेलो होतो. त्या दिवसांत डोलीची मासेमारी चालू होती. समुद्रतळात खुंट रोवून त्यांस डोल नावाचे लांब पिशवीसारखे जाळे बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा आदी मासळी त्यात शिरते आणि पाण्याची ओढ मंदावली की जाळे उपसून घेतात. तोवर होडीने तेथेच थांबावयाचे. आमच्या हौसेखातर त्या तांडेलाने आम्हांस एका रात्री बरोबर नेले. होडी थांबताच त्याने पहिले काम केले ते दिवे लावण्याचे. आम्ही सहज म्हणालो, की येथे तर आपण उभेच आहोत, दिव्याची एवढी घाई कशास? त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने सांगितले, की तरुणपणी तोही असेच म्हणत असे. तेल वाचवावे म्हणून एका अंधाऱ्या रात्री त्याने कंदील मालवला होता. एक मोठे जहाज होडीच्या वरामेस घासून निघून गेले. ते थांबले नाही. कदाचित त्यास काही कळलेही नसेल. त्याचा धाकटा भाऊ पाण्यात फेकला गेला, तो पुन्हा दिसला नाही. "चालत ते होते, आम्ही तर उभे होतो," असे तो कित्येक वर्षे स्वतःस समजावीत आला. परंतु दर रात्री दिवा लावताना त्यास भावाची आठवण येते, असे तो म्हणाला.

'आम्ही तर उभे होतो' हे त्याचे शब्द आम्ही वऱ्हाडात परत आलो तरी मनातून जाईनात. जो उभा आहे त्याचे काय चुकले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही या नियमाच्या इतिहासाकडे वळलो.

प्राचीन काळापासून खलाशी बंदरात दिवे लावीत आले असतील. परंतु कोणी, कोणता, किती उंचीवर लावावा, याचा सर्व राष्ट्रांनी मिळून पाळावयाचा नियम फार अलीकडचा आहे. जोवर शिडांची गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालत, तोवर वेग मर्यादित होता. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि रात्रीच्या अंधारातही वाऱ्याची पर्वा न करता वेगाने धावू लागल्या. टकरा वाढल्या, माणसे बुडाली. इंग्लंडमध्ये १८४८ साली आगबोटींच्या दिव्यांविषयी आज्ञा निघाल्या. पुढे १८६२ साली तेथील पार्लमेंटाने नौवहनाचा कायदा सुधारला आणि त्यास जोडलेले टक्कर टाळण्याचे नियम १८६३ साली अमलात आले. फ्रान्सशी विचारविनिमय करून ते ठरविले गेले होते, आणि थोड्याच काळात इतर अनेक सागरी राष्ट्रांनी ते स्वीकारले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्यांनी स्वतः व्यापारानिमित्त पूर्वेचे समुद्र पाहिले होते व १५९७ साली नागासाकी येथे रक्तसाक्ष दिली, त्यांस संतपद मिळाले तेही १८६२ सालीच, हा योगायोग आम्हांस येथे नमूद करावासा वाटतो.

१८६३ च्या त्या नियमांत नांगरलेल्या जहाजासाठी एक साधे कलम होते. नांगरवाड्यात किंवा जहाजांच्या येण्याजाण्याच्या मार्गात नांगर टाकून असलेल्या प्रत्येक जहाजाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत एक पांढरा दिवा लावावा. तो आठ इंच व्यासाच्या गोल कंदिलात असावा, जहाजाच्या अंगापासून वीस फुटांहून अधिक उंच नसावा, आणि क्षितिजाच्या सर्व बाजूंनी निदान एक मैलावरून दिसावा.

दिवा पांढराच का, आणि सर्व बाजूंनी का, हे समजून घेण्यासारखे आहे. चालत्या जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. त्यावरून पाहणाऱ्यास ते कोणीकडे निघाले आहे हे कळते. नांगरलेल्या जहाजास दिशा नसते. भरती आली की त्याचे तोंड एकीकडे, ओहोटी लागली की दुसरीकडे. म्हणून त्याचा दिवा कोणतीही दिशा सांगत नाही. "मी येथे आहे, आणि मी हलू शकत नाही, तुम्हीच वळा," एवढेच तो चहूकडे सांगत राहतो. नांगर टाकलेल्या नौकेस संकट समोर दिसले तरी एकाएकी बाजूस होता येत नाही. म्हणूनच दुसऱ्यास वेळीच सावध करणे, हाच तिच्या बचावाचा पहिला उपाय होय.

धुक्यात दिवा दिसत नाही. तेथे घंटेची योजना केली गेली. १८६३ च्या नियमात ती निदान पाच मिनिटांतून एकदा वाजवावयाची होती. पाच मिनिटांत आगबोट किती अंतर तोडते, हे अनुभवाने कळले. १८८९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी परिषदेच्या नियमांत हे अंतर एका मिनिटावर आणले गेले. दर मिनिटास सुमारे पाच सेकंद घंटा भरभर वाजवावी, हा नियम आजही तसाच आहे. त्याच काळापासून दीडशे फूट वा त्याहून लांब जहाजास एकाऐवजी दोन दिवे आवश्यक झाले. पुढचा उंच व मागचा खाली. दिवसा पुढील भागी काळा गोळा टांगण्याचा सर्वसाधारण नियम १९४८ च्या लंडन परिषदेने घालून दिला.

कोळ्यांची लहान होडीही या नियमांतून सुटली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नियमांत असे होते की, जाळी टाकून नांगरलेल्या होडीने दुसरे जहाज जवळ येताना दिसल्यास, ज्या बाजूने ते निर्धोकपणे जाऊ शकेल त्या बाजूस एक टोपली टांगून दाखवावी. घरोघरची साधी टोपली! जगातील मोठमोठ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी कोळ्याच्या टोपलीस कायद्यात जागा दिली, हे वाचून आम्हांस मोठे समाधान वाटले. १९७२ च्या मूळ नियमांतही वीस मीटरांहून लहान होड्यांस ही मुभा होती. पुढे दुरुस्ती होऊन ती काढून घेण्यात आली.

हे १९७२ चे नियम १५ जुलै १९७७ पासून जगभर लागू झाले. आपल्या भारत सरकारने १९७५ सालीच त्यांस अनुसरून आपले विनियम केले होते. त्यांप्रमाणे पन्नास मीटरांहून लहान नौकेस नांगरावर असताना एक पांढरा, सर्व बाजूंनी दिसणारा दिवा पुरतो; तो दोन सागरी मैलांवरून दिसावा लागतो. दिवसा निदान साठ सेंटिमीटर व्यासाचा काळा गोळा लावावा लागतो. सात मीटरांहूनही लहान होडी वाटेपासून व नांगरवाड्यापासून दूर असेल, तरच तिला यातून सूट आहे. डोलीवर थांबलेली होडी मासेमारी करीत असल्याने तिला वेगळी खूण आहे. रात्री पांढऱ्या दिव्यावर तांबडा दिवा, दिवसा टोकास टोक लावलेले दोन काळे शंकू. आमच्या तांडेलाने त्या रात्री तांबडा व पांढरा असे दोन दिवे का लावले, हे आम्हांस तेव्हा कळले नव्हते. ते या नियमांवरून उमगले.

आता मूळ प्रश्न. जो उभा आहे त्याचे काय चुकले? न्यायाचे उत्तर दुहेरी आहे. १८८९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील कोलंबिया नदीत 'क्लॅन मॅकेन्झी' नावाचे जहाज रात्री दिवा लावून नांगरावर उभे होते. 'ओरेगन' ही आगबोट येऊन त्यावर आदळली. १८९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोष चालत्या आगबोटीवरच ठेवला. उभ्या जहाजास चालते जहाज धडकले, तर चालणाऱ्यानेच आपली निर्दोषता दाखवून द्यावी, असे हे तत्त्व आहे. म्हणजे कायदा उभ्या राहणाऱ्याचा कैवार घेतो. परंतु त्याने आपला दिवा लावलेला असावा, ही त्या कैवाराची अट आहे. ज्याने दिवा लावला नाही, त्यास हा आधार पुरा मिळत नाही. चालणाऱ्याने पाहावे आणि थांबणाऱ्याने दिसावे, अशी ही कर्तव्याची वाटणी आहे.

त्या तांडेलाच्या भावाचा मृत्यू त्याच्याच माथी मारावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जहाजावरील पहारेकऱ्याचेही कर्तव्य होते. लाकडी होडी रडारवर अंधुक उमटते. मुंबईच्या किनाऱ्यावरील लक्षावधी दिव्यांत एक लहान पांढरा दिवा सहज हरवतो. आणि गरिबाच्या घरी तेलाचा खर्च हा लहान खर्च नसतो. परंतु या सर्व कारणांनी दिव्याची गरज कमी होत नाही, वाढते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पूर्वी आमच्याकडे रात्री बैलगाडी निघाली, की आसाखाली कंदील टांगलेला असे. जिनिंगकडे कापूस नेणारी गाड्यांची रांग दुरून त्या हलत्या ठिणग्यांवरून ओळखू येई. ती नुसती रीत नव्हती, तोही एक संकेत होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. त्यावर व इतर रस्त्यांवर रात्री वाहने अशा वेगाने धावतात, की आमच्या आजोबांस ते खरे वाटले नसते. त्याच वेळी सोयाबीनच्या हंगामात बिघडलेली ट्रॉली कडेला उभी करून मागे ना दिवा, ना लाल चकाकती पट्टी, ना एखादी फांदीसुद्धा न लावता घरी जेवावयास जाणारे लोक आपल्यात आहेत. कोणी विचारले तर ते म्हणतात, "आम्ही तर उभे होतो." समुद्रावर ज्या चुकीस दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याने नाव दिले, ती चूक आम्ही जमिनीवर अजून चूक मानीत नाही. मोटारसायकलवरून परतणारा एखादा तरुण त्या अंधारातील ट्रॉलीवर आदळतो, तेव्हा एका घराचा दिवा विझतो. आणि हा मुलगा पुष्कळदा आपल्याच गावचा असतो.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी धर्मग्रामातील प्रत्येक शेतकरी कुटुंबास आमची एक विनंती आहे. ट्रॉलीच्या व बैलगाडीच्या मागे लाल चकाकती पट्टी लावावी. वाहन बिघडून रस्त्यावर थांबलेच, तर मागे दिवा ठेवल्यावाचून तेथून हलू नये. तलावात रात्री जाळे टाकणाऱ्या भोईबांधवांनीही डोंग्यात कंदील ठेवावा. खर्च थोडा, त्रास त्याहून थोडा.

रोम शहराच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या थडग्यांवर नांगराचे चित्र कोरले आहे. त्यांस तो आशेची खूण वाटे. आमच्या मंदिरात ख्रिस्तप्रसादापाशी रात्रंदिवस जळणारा दिवा आहे. तोही कोठे जात नाही, येथे कोणी आहे एवढेच तो सांगतो. गेली पन्नास वर्षे आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यात तेल कमी पडू दिले नाही. तीच काळजी आपण मंदिराच्या दाराबाहेर, रस्त्यावर उभ्या केलेल्या आपल्या गाडीपर्यंत नेली, तर त्या वसईच्या तांडेलाचे दुःख आमच्या एखाद्या घराच्या वाट्यास येणार नाही. महोत्सवानिमित्त याहून मोठे मागणे आमच्यापाशी नाही.